नव्या बिग मॅनचा पास कसा वाचायचा

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या २०१४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, निकोला योकिचचं नाव ४१व्या क्रमांकावर आलं. २०१५-१६मध्ये तो डेन्व्हर नगेट्सकडून पहिला मोसम खेळला. सामन्यागणिक १० गुण, ७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि २.४ असिस्ट (ज्यांवर साथीदाराने गुण केले असे पास). नुसता तक्ता चाळणाऱ्याची नजर त्या २.४वर क्षणभरही थांबली नसती. पुढे हाच माणूस २०२१, २०२२ आणि २०२४ असा तीनदा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू झाला, २०२३मध्ये त्याने डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. २०२४-२५मध्ये तर सामन्याला १०.२ असिस्ट देत, अख्ख्या मोसमाची सरासरी ट्रिपल-डबल (गुण, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दोन आकडी) राखणारा तो एनबीएतला पहिला सेंटर ठरला.

मधल्या काळात त्याची नजर बदलली नव्हती. जे पुढे जगाने पाहिलं ते पहिल्या मोसमातही मैदानावर होतंच, फक्त असिस्टच्या रकान्यात मावत नव्हतं. नुकतंच एनबीए पाहायला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. तुमच्या संघाने एखादा तरुण, उंच खेळाडू घेतलाय, समालोचक म्हणतायत ‘पास छान देतो’. म्हणजे नेमकं काय, आणि ते आपल्याला आपलं कसं ओळखता येईल, त्याच्या या पायऱ्या.

पहिली पायरी: चेंडूवरची नजर काढा

ही सवय मोडायला मला स्वतःला बराच काळ लागला. चेंडू जिकडे जाईल तिकडे डोळे जातात. पण पास चांगला की वाईट, हे चेंडू हातातून सुटायच्या आधीच ठरलेलं असतं. म्हणून चेंडू बिग मॅनकडे निघाला की तो त्याच्यापर्यंत पोचायच्या आत एकदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. चेंडू यायच्या आधी त्याने मान वळवून मैदानाचा दुसरा कोपरा पाहिला का? पाहिला असेल तर चेंडू हातात आल्यावर त्याला शोधाशोध करावी लागत नाही. ज्याला सवय नसते तो आधी चेंडू पकडतो, मग छातीशी घेतो, मग मान वर करतो. तेवढ्या अर्ध्या सेकंदात उघडी असलेली वाट बंद होते.

बिग मॅन म्हणजे सेंटर किंवा पॉवर फॉरवर्ड, संघातले उंच, रिंगजवळ खेळणारे खेळाडू. त्याच्या पासला एवढं मोल का, हे आधी समजून घ्यायला हवं. गार्डने, म्हणजे बाहेरून खेळ रचणाऱ्या छोट्या खेळाडूने, सुरेख पास दिला तरी समोरच्या संघाचा सेंटर रिंगखालीच उभा असतो, पाहुण्याची वाट पाहत. पण पास देणारा स्वतःच सेंटर असेल आणि तो रिंगपासून पंधरा-वीस फुटांवर चेंडू घेऊन उभा असेल, तर त्याला धरणाऱ्या उंच बचावपटूला त्याच्या मागे बाहेर यावं लागतं. रिंगखाली राखण करणारा मोठा माणूसच जागेवर राहत नाही. शिवाय पास देणारा उंच, त्यामुळे समोरच्याच्या डोक्यावरून त्याला सगळं दिसतं. एका खेळाडूच्या नजरेने समोरच्या संघाचं घर मधोमध उघडं पडतं. विल्ट चेंबरलेनने १९६७-६८मध्ये ७०२ असिस्ट दिले, त्या मोसमात लीगमधल्या कुठल्याही गार्डपेक्षा जास्त. तेव्हापासून ही गोष्ट लोकांना माहीत आहे, तरी दर पिढीला ती नव्याने शिकावी लागते असं दिसतं.

दुसरी पायरी: एल्बोवर थांबून पाहा

बिग मॅन पास देतो अशा जागा चार-पाच आहेत, पण नवख्या प्रेक्षकाने सगळ्यांवर सारखा वेळ घालवू नये. एल्बोपासून सुरुवात करा. फ्री थ्रो रेषा जिथे रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्याच्या कडेला मिळते, तो कोपरा म्हणजे एल्बो. बोर्डापासून साधारण पंधरा फूट. इथून चारही साथीदार एका पासाच्या टप्प्यात असतात. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला सॅक्रामेंटो किंग्ज याच जागेवरून खेळायचे. व्लादे दिवाच आणि ख्रिस वेबर हे दोघेही पास देणारे बिग मॅन, मुख्य प्रशिक्षक रिक ॲडेलमन, आणि प्रिन्स्टन पद्धतीचे (सतत पास आणि रिंगकडे धाव यांवर चालणाऱ्या खेळाचे) जाणकार पीट कॅरिल सहायक म्हणून बाकावर. २००१-०२मध्ये त्या संघाने ६१ सामने जिंकले. जुन्या चित्रफिती मिळाल्या तर जरूर पाहा. चेंडू जमिनीला फारसा लागतच नाही.

आता एक चाल अगदी जवळून पाहू. समजा तुमचा रुकी, म्हणजे पहिल्या मोसमातला खेळाडू, उजव्या एल्बोवर चेंडू घेऊन उभा आहे, त्याचा बचावपटू हातभर अंतरावर. गार्ड बाहेरून त्याच्याकडे दोन पावलं येतो, जणू हातातून चेंडू घ्यायला. गार्डला धरणारा बचावपटू त्याच्या आधी तिथे पोचायला पुढे झेपावतो. त्याचं वजन पुढच्या पायावर गेलं की गार्ड बाहेरचा पाय रोवतो आणि पाठीमागून रिंगकडे सुटतो. याला बॅकडोर कट म्हणतात. वाट उघडी राहते ती जेमतेम एक पाऊल पडेपर्यंत.

आता हात पाहा. चेंडू त्या क्षणी रुकीच्या कमरेजवळ आहे. चांगला पास देणारा तो तिथूनच सोडतो, मनगटाच्या झटक्याने, एक टप्पा पाडून. टप्पा अंतराच्या दोन तृतीयांशावर पडतो, त्यामुळे चेंडू धावत्या गार्डच्या मांडीच्या उंचीला वर येतो आणि त्याला पाऊल आखडावं लागत नाही. कच्चा खेळाडू हाच पास द्यायला आधी चेंडू डोक्यावर नेतो. त्यालाही वाट दिसलेलीच असते. पण चेंडू वर जाऊन परत खाली येईपर्यंत दुसऱ्या बाजूचा बचावपटू रिंगखाली पोचलेला असतो. दोघांनीही तेच पाहिलं, एकाला असिस्ट मिळाला, दुसऱ्याचा पास अडवला गेला. ‘चेंडू आहे तिथूनच सुटतो का’, एवढा एक प्रश्न मनात ठेवून पाच सामने पाहिले तरी रुकीबद्दल बरंच कळतं.

दुसरी खूण म्हणजे डोळ्यांनी दिलेली हुलकावणी. कटरकडे, म्हणजे रिंगकडे सुटलेल्या साथीदाराकडे, टक लावून पाहत पास दिला तर सगळ्या मैदानाला चाहूल लागते. जाणकार बिग मॅन उलट्या कोपऱ्यातल्या नेमबाजाकडे पाहतो, त्याला धरणारा अर्धं पाऊल तिकडे सरकतो, आणि चेंडू रिंगकडे जातो. पहिल्या मोसमात हे दहातून दोनदा जरी दिसलं तरी मी खूश होतो, कारण ही गोष्ट शिकवून यायला फार वेळ लागतो.

तिसरी पायरी: शॉर्ट रोलमध्ये त्याला घाई होते का

पिक अँड रोलमध्ये बिग मॅन गार्डसाठी स्क्रीन लावतो, म्हणजे गार्डच्या बचावपटूची वाट अडवून उभा राहतो. समोरच्या संघाने दोन बचावपटू गार्डवर सोडले की गार्ड चेंडू पटकन बिग मॅनकडे ढकलतो. बिग मॅन रिंगपर्यंत न जाता फ्री थ्रो रेषेच्या आसपास चेंडू घेतो, हा शॉर्ट रोल. दोन बचावपटू मागे राहिले, पुढे उरले तीन. म्हणजे चार विरुद्ध तीन. ड्रेमंड ग्रीनने गोल्डन स्टेटमध्ये आपलं नाव याच जागेवर कमावलं. स्टेफ करीवर दोघे धावून गेले की चेंडू ग्रीनकडे, आणि पुढचा निर्णय त्याचा. तोही २०१२च्या ड्राफ्टमध्ये ३५वा आला होता.

इथे पाहायचा माणूस रुकी नव्हेच. पाहायचा तो समोरच्या संघातला सर्वांत खालचा बचावपटू, म्हणजे दूरच्या कोपऱ्यातल्या नेमबाजाला सोडून रिंगखाली धावत येणारा. तो आला तर कोपरा उघडा, आणि कोपऱ्यातली तीन गुणांची रेषा २२ फुटांवर, म्हणजे समोरच्या २३ फूट ९ इंचांहून जवळ. तो आला नाही तर बिग मॅनने सरळ रिंगवर जायचं, किंवा बेसलाइनजवळ (रिंगमागच्या सीमारेषेजवळ) उभ्या साथीदाराला उंच पास टाकायचा. तेव्हा त्या बचावपटूकडे पाहा, मनाशी उत्तर ठरवा, आणि मग रुकीने काय केलं ते बघा. तुमचं आणि त्याचं उत्तर एकच आलं तर छान. तुम्ही घरी बसून ओळखलं आणि त्याला जमलं नाही, असंही होईल. लगेच निष्कर्ष काढू नका. धावता धावता, मागून धक्के खात, एका ड्रिबलच्या, म्हणजे चेंडू एकदा जमिनीवर आपटण्याच्या, आत हे ठरवायचं असतं.

नवा खेळाडू इथे दोन प्रकारे चुकतो. एक तर चेंडू पकडून गोठतो, किंवा पुढे काय आहे ते न पाहता रिंगवर तुटून पडतो. गोठणाऱ्यांबद्दल मला जास्त आशा वाटते. गोठतो तो निदान विचार करत असतो, आणि विचाराचा वेग सरावाने वाढतो.

चौथी पायरी: लो पोस्टमध्ये दोघे अंगावर आल्यावर

लो पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, रिंगला पाठ करून, बचावपटूला पाठीवर घेऊन खेळणं आता पूर्वीपेक्षा कमी झालंय, पण रुकीचा धीर तपासायला ही जागा उत्तम. दुसरा बचावपटू धावून आला की चेंडूचं काय होतं? हनुवटीखाली कोपर बाहेर काढून धरला, एक ड्रिबल मागे घेतला, जागा मिळवली आणि मग मैदानाच्या पलीकडे लांब पास टाकला, तर मुलगा तयार आहे. चेंडू पोटाशी खाली नेला तर छोटे गार्ड तो हातातून काढून घेणारच. घड्याळही असतंच. फ्री थ्रो रेषेच्या खाली, रिंगला पाठ किंवा बाजू करून पाच सेकंदांहून जास्त ड्रिबल करता येत नाही, नियमच आहे.

मधल्या दोन छोट्या पायऱ्या

हँडऑफ म्हणजे हातातून हातात चेंडू देणं. हे सोपं दिसतं, म्हणून लोक सोडून देतात. पाहायचं एवढंच की चेंडू दिल्यावर तो गार्डच्या बचावपटूच्या वाटेत नीट उभा राहतो का, आणि गार्डचा बचावपटू पुढे घुसला तर ऐन वेळी चेंडू न देता स्वतःकडे ठेवून रिंगकडे वळतो का. डोमंटास सबोनिस या दोन्हींत तरबेज आहे.

आणि रिबाउंडनंतरचा पहिला पास, आउटलेट. वेस अन्सेल्डने १९६८-६९च्या आपल्या पहिल्याच मोसमात रुकी ऑफ द इयर आणि एमव्हीपी हे दोन्ही मान मिळवले, उंची जेमतेम सहा फूट सात इंच. रिबाउंड घेऊन पाय जमिनीला टेकायच्या आत अर्ध्या मैदानावर चेंडू पोचवण्याबद्दल त्याचं नाव आजही घेतात. अशा पासनंतर पळणारा गार्ड आणखी एकाला पास देतो आणि असिस्ट त्या गार्डच्या खात्यात जातो. बिग मॅनच्या नावापुढे काहीच लागत नाही. म्हणून रिबाउंडनंतर त्याची मान कुठे वळते ते नक्की पाहा.

पाचवी पायरी: टर्नओव्हर वेगवेगळे करा

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि सर्वाधिक अन्यायही इथेच होतो. रुकीचे टर्नओव्हर (चेंडू समोरच्या संघाकडे जाण्याच्या चुका) मोजून ‘चेंडू सांभाळता येत नाही’ असा शिक्का मारला जातो. पण त्या एका आकड्यात किती भिन्न गोष्टी कोंबलेल्या असतात! स्क्रीन लावताना हलला आणि फाउल झाला, तोही टर्नओव्हर. पाय सरकून ट्रॅव्हल झालं, तोही. यांचा पासशी संबंधच नाही. ते आधी बाजूला काढा.

उरलेल्यांचे तीन ढीग करा. पहिला: वाट बरोबर ओळखली, पास उशिरा सुटला किंवा जोरात गेला. दुसरा: पास योग्य होता, पण साथीदाराने कट अर्ध्यात सोडला किंवा त्याच्या हातातून निसटला. तिसरा: वाट नव्हतीच, तरी चेंडू ढकलला. पहिला ढीग मोठा असेल तर मी त्याला चांगली बातमी समजतो. डोळा पुढे गेलाय, हात मागून येतील. दुसऱ्या ढिगाबद्दल त्याला दोष देऊ नये, नव्या साथीदारांची सवय व्हायला मोसम जातो. काळजी करायची ती तिसऱ्याची, तीही मोसमाच्या शेवटी तो तितकाच मोठा राहिला तर.

व्हिक्टर वेम्बान्यामाचा पहिला मोसम, २०२३-२४, आठवून पाहा. ३.९ असिस्ट, ३.७ टर्नओव्हर, म्हणजे जवळजवळ सारखेच. पण सुरुवातीला सॅन अँटोनियो त्याला पॉवर फॉरवर्ड म्हणून खेळवत होता आणि पॉइंट गार्डच्या जागी जेरेमी सोहान हा मुळात फॉरवर्ड असलेला खेळाडू होता. चेंडू त्याच्यापर्यंत वेळेवर, योग्य जागी पोचतच नव्हता. डिसेंबरमध्ये वेम्बान्यामा सेंटरच्या जागी आला आणि चित्र हळूहळू निवळत गेलं. हा संदर्भ नसेल तर ते दोन आकडे शेजारी ठेवून काहीही सिद्ध करता येतं.

सहावी पायरी: आता आकडे उघडा

आकडे शेवटी, कारण आधी उघडले की डोळे तेच शोधतात. सामन्याची सरासरी बाजूला ठेवा, आधी मिनिटं पाहा. योकिच पहिल्या मोसमात सामन्याला २१.७ मिनिटं खेळला, म्हणजे ३६ मिनिटांच्या हिशोबाने ते २.४ असिस्ट ४च्या घरात जातात. ह्यूस्टनचा आल्पेरेन शेंगून, २०२१च्या ड्राफ्टमधला १६वा, पहिल्या मोसमात २०.७ मिनिटांत २.६ असिस्ट देत होता. ३६ मिनिटांना साधारण साडेचार. तेही अशा संघात, ज्याने त्या मोसमात ८२पैकी फक्त २० सामने जिंकले. असिस्ट नोंदला जायला साथीदाराने फेकलेला चेंडू रिंगमध्ये पडावा लागतो, ही गोष्ट पास देणाऱ्याच्या हातात नसते.

म्हणून ‘संभाव्य असिस्ट’ हा आकडा पाहा. पासनंतर लगेच शॉट घेतला गेला, मग तो पडो न पडो, तो यात मोजतात. २०१३-१४पासून एनबीएच्या सगळ्या मैदानांवर खेळाडूंच्या हालचाली टिपणारे कॅमेरे आले, तेव्हापासून ही नोंद होते आणि लीगच्या आकडेवारीच्या पानांवर ती सगळ्यांना खुली आहे. संभाव्य असिस्ट भरपूर आणि प्रत्यक्ष असिस्ट कमी असतील, तर आधी साथीदारांचा नेम तपासा.

सातवी पायरी: तो आला कुठून

सगळे रुकी सारखे कच्चे नसतात. आर्विदास सबोनिसला (डोमंटासच्या वडिलांना) पोर्टलंडने १९८६मध्ये २४व्या क्रमांकावर घेतलं, तो प्रत्यक्ष आला १९९५मध्ये, वयाच्या तिशीत, युरोपात वर्षानुवर्षं खेळून. कागदावर रुकी, पण पाठीमागून दिलेले त्याचे पास पाहून अनुभवी बचावपटूही गांगरायचे. शेंगून वयाने लहान होता, पण अठराव्या वर्षी तो बेशिक्ताश क्लबकडून तुर्की लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. मोठ्या माणसांच्या लीगमधून आलेल्या मुलाने पहिल्याच महिन्यात डबल टीम (दोघांनी एकदम अंगावर येणं) वाचली तर त्यात नवल नाही. कॉलेजात एकच वर्ष खेळून आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने तेच केलं तर मी उठून बसतो.

जुलैत लास व्हेगासला होणारी समर लीग या मुलांची पहिली झलक असते. पाहा जरूर, पण तिथे पाचही जण एकमेकांना अनोळखी असतात, कट अर्धवट सुटतात. पासची अचूकता तिथे मोजू नका. फक्त मान आणि डोळे पाहा.

आठवी पायरी: प्रशिक्षक त्याच्याकडे चेंडू देतो का

गुण अंगात असणं आणि तो वापरला जाणं या वेगळ्या गोष्टी. २०१६-१७च्या सुरुवातीला डेन्व्हर योकिचला युसुफ नुर्किचच्या जोडीने खेळवत होतं, दोन मोठे सेंटर एकाच पट्ट्यात, कटरला जागाच नाही. १५ डिसेंबर २०१६ला सेंटरची जागा योकिचला एकट्याला दिली गेली. त्या मोसमात त्याचे असिस्ट ४.९वर गेले, आधीच्या मोसमाच्या दुप्पट. तेव्हा तुमचा रुकी असिस्ट देत नसेल, तर एका क्वार्टरमध्ये त्याला एल्बोवर किती वेळा चेंडू मिळाला ते आधी मोजा. दोनदाच मिळाला असेल तर प्रश्न त्याच्या पासचा नाही.

सवय म्हणून एक करा. प्रत्येक सामन्यातला फक्त पहिला क्वार्टर निवडा. त्याच्या हातात चेंडू आलेली प्रत्येक चाल तीनदा पाहा. पहिल्यांदा चाल, दुसऱ्यांदा फक्त त्याचा चेहरा आणि हात, तिसऱ्यांदा दूरच्या कोपऱ्यातला बचावपटू. वहीत एका ओळीत लिहा: जागा, काय उघडं होतं, काय दिलं. पंधरा-वीस ओळी झाल्या की त्याच्या आवडीनिवडी दिसू लागतात. डावीकडे पास देतो, उजवीकडे टाळतो. टप्प्याचा पास सुरेख, लांबचा पास तरंगत जातो. हे कुठल्याही तक्त्यात सापडत नाही.

आणि फेब्रुवारीत पुन्हा पाहा. तोवर समोरच्या संघांनी त्याचा अभ्यास केलेला असतो. एल्बोवर त्याला धरणारा बचावपटू आता कुठे उभा आहे? अजून हातभर अंतरावर असेल, तर समोरच्यांना त्याच्या शॉटचीही भीती आहे आणि पासच्या वाटा उघड्या राहतील. तो पाच-सहा पावलं मागे सरकून रिंगजवळ उभा असेल, तर त्यांनी ताडलंय की हा मुलगा तिथून शॉट घेत नाही. मग त्याला कटर कितीही लख्ख दिसू देत, प्रत्येक कटच्या वाटेत तो मागे सरकलेला उंच माणूस उभा असणार. अशा वेळी सामन्याआधीचा सराव दाखवतात तो चुकवू नका. मुलगा फ्री थ्रो रेषेच्या आसपासून किती शॉट घेतोय ते बघा. पुढच्या मोसमात त्याचे पास मोकळे होणार की नाही, हे बरंचसं तिथेच कळतं.